भिंतीवरचं पोस्टर वर्तमानपत्रात का पडतं? वाचकांचे प्रश्न

वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या मांडणीविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. लांबलेली पत्रं आशय राखून आखडती केली आहेत.

प्रश्न: आमच्या साड्यांच्या दुकानाचं दसऱ्याचं फ्लेक्स फार देखणं झालं होतं. गडद मरून जमीन (पार्श्वभूमी) आणि त्यावर बारीक सोनेरी अक्षरं. तीच फाइल लहान करून दैनिकाला दिली. छापून आली तेव्हा मरून काळपट चॉकलेटी झाला होता, सोनेरी अक्षरं मळकट दिसत होती आणि पत्ता वाचताच येईना. दैनिकवाले म्हणतात फाइल चुकली, डिझायनर म्हणतो छपाई वाईट. नेमकं काय चुकलं?
(एक व्यापारी, सांगली)

उत्तर: तुम्ही कळवलेल्या तपशिलावरून फाइलच चुकली आहे. पोस्टर म्हणून ती चांगलीच असणार. पण फ्लेक्सवर शाई पृष्ठभागावर बसते, वर्तमानपत्राच्या कागदात ती मुरते. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, साधारण ४२ ते ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचा), अस्तर नसलेला आणि मुळातच करडा-पिवळसर असतो. दैनिकांच्या यंत्रावर शाई वाळवायला भट्टी नसते. कागदाने शोषली तरच ती बसते, आणि शोषली जाताना पसरते. छापलेली छटा बारीक ठिपक्यांनी बनते, त्यामुळे संगणकावर ५० टक्के ठेवलेला ठिपका कागदावर सुमारे ७५ टक्क्यांचा दिसतो. मधल्या छटा गडद होतात आणि गडद छटा एकमेकींत मिसळून जातात.

मरून रंगाचं गणित मांडून पाहा. छपाईच्या चार शायांत सायन (निळसर) ४०, मॅजेंटा (गडद गुलाबी) १००, पिवळा ७०, काळा ४५ टक्के असा मरून फ्लेक्सवर खुलतो. त्याची बेरीज २५५ होते आणि वर्तमानपत्राची मर्यादा २२० ते २४० टक्के आहे. त्यापलीकडे शाई मुरायला जागाच उरत नाही. मग ती समोरच्या पानाला लागते, वाचकाच्या बोटांना लागते आणि मागच्या पानावरही उमटते. यातला सायन पूर्ण काढा. मॅजेंटा १००, पिवळा ६०, काळा ३० एवढ्यावर चांगला मरून मिळतो, बेरीज १९० राहते आणि चारऐवजी तीनच प्लेटा (प्रत्येक शाईचा एक छपाईचा पत्रा) जुळवाव्या लागतात.

अक्षरं बुजली ती या प्लेटांमुळे. गडद जमिनीवर उलटं, म्हणजे रिव्हर्स, अक्षर घेतलं की प्रत्येक प्लेटवर त्या अक्षराची मोकळी जागा अगदी एकाच ठिकाणी यावी लागते. कागद रिळावरून वेगाने धावत असतो, यंत्रातल्या पाण्याने तो किंचित रुंदावतो आणि ०.२ मिलिमीटरचा फरक सहज पडतो. आठ पॉइंटच्या हलक्या वजनाच्या अक्षराची बारीक रेघ साधारण तेवढ्याच जाडीची असते. म्हणजे एक प्लेट जराशी सरकली की रेघ बुजलीच. त्यातून तुमचं सोनेरी अक्षर चार रंगांच्या ठिपक्यांचं असणार, त्यामुळे त्याला स्वच्छ कडाच नव्हती. वर्तमानपत्रात सोनेरी हवंच असेल तर पिवळा १०० आणि मॅजेंटा १५ घ्या, अक्षर १४ पॉइंटच्या वर आणि ठळक ठेवा. पत्ता, फोन आणि वेळ मात्र जमिनीतून बाहेर काढा. खाली कागदाच्या रंगाची पट्टी मोकळी ठेवून त्यावर शंभर टक्के काळ्यात छापा.

हा काळा म्हणजे एकट्या काळ्या प्लेटचा. फोटोशॉपमध्ये स्क्रीनवरचा काळा नेहमीच्या सेटिंगने सीएमवायकेत, म्हणजे या चार शायांत, बदलला की तो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असा होतो. बेरीज ३००, आणि प्रत्येक अक्षराभोवती रंगीत सावली. दैनिकांकडे येणाऱ्या फाइलींत ही चूक सर्वांत जास्त वेळा सापडते, आणि ती काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मजकुराचा काळा ०-०-०-१०० आहे ना, हे फाइल पाठवण्याआधी प्रत्येक वेळी तपासा. फोटो बदलताना ‘न्यूजपेपर २६’ असं नाव असलेलं आयएसओ प्रोफाइल (रंग बदलण्याचं ठरलेलं कोष्टक) वापरा. त्यात हा ठिपक्यांचा पसारा आणि शाईची मर्यादा धरलेली असते. फोटोचं रेझोल्यूशन छापायच्या आकाराला २०० डीपीआय (इंचाला तेवढे पिक्सेल) पुरतं. ३०० दिल्याने छपाई सुधारत नाही.

प्रश्न: ‘भव्य बचत मेळावा’ हा आमचा मथळा छापून आला तो ‘मव्य वचत मेळावा’ असा वाचला जात होता. फाइलमध्ये शब्द बरोबर आहेत. दुसरं म्हणजे आतल्या मजकुरात ‘दुसऱ्या’, ‘किंमत’ हे शब्द तुटलेले आले. दोन्हींचं कारण एकच आहे का?
(डीटीपी चालक, अहिल्यानगर)

उत्तर: कारणं वेगवेगळी आहेत. पहिलं शाईचं, दुसरं सॉफ्टवेअरचं.

‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांमध्ये डोळा मुख्यतः एका खुणेवर भेद करतो: भ आणि ध यांची शिरोरेखा डावीकडे तुटलेली असते. अतिठळक फाँटमध्ये ही फट आधीच अरुंद असते. शाई दोन्ही बाजूंनी पसरली की ती मिटते आणि भव्यचं मव्य होतं, धनचं घन होतं. ‘ब’चं पोट तिरप्या रेघेने दोन भागांत वाटलेलं असतं. ते दोन्ही भाग भरले की वाचणारा ‘व’ वाचतो. ‘ष’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांची पोटंही अशीच भरतात. काळ्यावर पांढरं अक्षर असेल तर उलटं घडतं. तिथे फट टिकते, पण बारीक रेघा आणि अनुस्वाराचा टिंब नाहीसा होतो. ‘मंद आचेवर’चं ‘मद आचेवर’ होणं ही त्याच घराण्यातली चूक.

म्हणून मथळ्याला फाँटचं सर्वांत जाड वजन घेऊ नका, एक पायरी खाली या. मुक्तासारख्या सात वजनांच्या फाँटमध्ये एक्स्ट्राबोल्डऐवजी बोल्ड किंवा सेमीबोल्ड घ्या आणि जोर हवा असेल तर आकार वाढवा. ३६ पॉइंटचं सेमीबोल्ड अक्षर ३० पॉइंटच्या अतिठळक अक्षरापेक्षा जास्त ठासून दिसतं, कारण ते वाचता येतं. अक्षर आडवं दाबून जागेत बसवू नका. दाबलं की काने बारीक होतात, शिरोरेखा मात्र तेवढीच जाड राहते आणि ओळीवर काळी पट्टी मारल्यासारखं दिसतं. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची रोमन लिपीतली पद्धतही इथे चालत नाही, शिरोरेखा तुटते. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. जोर द्यायला आपल्यापाशी आकार, वजन, रंग आणि भोवतालची मोकळी जागा एवढीच साधनं आहेत. चौथं साधन सर्वांत कमी वापरलं जातं.

ओळींतलं अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवू नका. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार, पाय मोडलेलं अक्षर, असा आपला पसारा दोन्हीकडे असतो. दहा पॉइंटच्या मजकुराला १४ पॉइंटची ओळ द्या. मथळा दोन ओळींचा असेल तर वरच्या ओळीतला ‘कृ’ किंवा ‘हू’ खालच्या ओळीतल्या ‘र्मी’ला टेकत नाही ना, हे डोळ्यांनी पाहा.

आता तुटलेले शब्द. पहिली वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते पण दिसते आधी. ही अदलाबदल करणारी व्यवस्था बंद असेल तर ‘किंमत’मधली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि ‘दुसऱ्या’तला अर्धा र सुटा पडतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. फोटोशॉपच्या टाइप प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट हा पर्याय असतो, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं आहे. युनिकोडमध्ये ‘दुसऱ्या’ लिहिताना नुक्त्याचा ऱ वापरून त्याला पाय मोडा, नाहीतर ‘दुसर्या’ असा रफार चढतो. भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा, म्हणजे फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते, म्हणून अंतिम फाइलमध्ये अक्षरांच्या आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्रांत रूपांतर करून, पाठवा. आउटलाइन केल्यावर मात्र एकदा पुन्हा वाचा, कारण पुढे मजकूर दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न: पान ३३ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणून अर्ध्या रुंदीची जाहिरात १६.५ सेंटीमीटरची केली. ती परत आली. का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर: कॉलमांच्या मधल्या फटींमुळे. समजा पान आठ कॉलमांचं आहे आणि फट ०.४ सेंटीमीटरची. सात फटींचे २.८ वजा केले की ३०.२ उरतात, म्हणजे एक कॉलम ३.७७५. चार कॉलम आणि मधल्या तीन फटी मिळून १६.३ होतात. दोन मिलिमीटरसाठी फाइल अडते, नाहीतर तिथे कुणीतरी ती आडवी दाबून बसवतं आणि अक्षरं बिघडतात. प्रत्येक दैनिकाचे आकडे वेगळे असतात आणि ते त्यांच्या दरपत्रकावर किंवा यांत्रिक तपशिलाच्या कागदावर छापलेले असतात. काम सुरू करण्याआधी तो कागद मागवा. दर बहुधा चौरस सेंटीमीटरवर असतो: १६ गुणिले २५ म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर. बातम्यांच्या पानावर ब्लीड (कागदाच्या कडेपलीकडे जाणारी छपाई) नसतं, त्यामुळे चौकट नेमक्या मापाचीच करा.

प्रश्न: पाव पानाच्या जाहिरातीत कुठे काय असावं, याचे काही ठरलेले संकेत आहेत का? आम्हाला वर्गात ‘मथळा, चित्र, मजकूर, बोधचिन्ह’ एवढंच सांगतात.
(उपयोजित कलेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: तो क्रम बरोबर आहे, पण त्यामागचं कारण कळल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. पोस्टर लांबून आणि चालताना बघतात, म्हणून त्यात एकच गोष्ट असते. वर्तमानपत्रातली जाहिरात हातभर अंतरावरून, बसून वाचतात. पण ती वाचायला कुणी अंक घेतलेला नसतो, शेजारी बातमी असते. त्यामुळे तिला दोन कामं करावी लागतात: आधी थांबवणं, मग सगळी माहिती देणं.

थांबवण्याचं काम एका चित्राला आणि सहा-आठ शब्दांच्या मथळ्याला द्या. पाव पानात निम्मी जागा या दोघांची. चित्र वर, त्याला लागून खाली मथळा ही मांडणी जुनी आहे आणि आजही चालते, कारण चित्रावरून नजर खाली उतरते. मथळा चित्राच्या अंगावर छापायचा मोह होतो. न्यूजप्रिंटवर तो टाळाच, खालचे ठिपके अक्षरांत शिरतात. सोळा साड्यांचे सोळा लहान फोटो देण्यापेक्षा एका पदराचा मोठा फोटो द्या, ज्यात बुट्टी दिसते, आणि बाकी प्रकार शब्दांत सांगा. दोन सेंटीमीटरच्या फोटोत पैठणी आणि इरकल यांतला फरक छापून येत नाही.

माहितीचा भाग खाली. किंमत, तारीख, वेळ, ठिकाण, फोन या क्रमाने. ठिकाणात खूण असू द्या: कुठल्या चौकात, कशासमोर. फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडा. दुकानाचं नाव खाली उजवीकडे किंवा मध्यभागी. बोधचिन्ह वर एकदा आणि खाली एकदा असं दोनदा घालायची सवय सोडा, तेवढी जागा मथळ्याला मिळेल.

चौकट एक ते दोन पॉइंटची आणि तिच्या आत निदान पाच मिलिमीटर मोकळी जागा. चौकटीला मजकूर टेकला की शेजारच्या बातमीच्या ओळी आणि तुमच्या ओळी एकत्र वाचल्या जातात. पूर्ण पान असेल तर आडवी घडी कुठे पडते ते मोजा. चेहरा किंवा मथळ्याची ओळ त्या रेषेवर येऊ देऊ नका. अंक स्टँडवर घडी घालूनच ठेवलेला असतो, तेव्हा वरच्या अर्ध्या भागात विषय कळला पाहिजे. बातमीसारखी दिसणारी जाहिरात करायची असेल तर तिच्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट छापलं पाहिजे. वाचकाला जाहिरात आणि बातमी वेगळी ओळखता यावी, असा प्रेस कौन्सिलचाही दंडक आहे, आणि तो योग्य आहे.

गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि दसऱ्याच्या अंकात एक वेगळी अडचण येते. त्या दिवशी सगळ्यांच्याच जाहिरातीत गुढी किंवा तोरण, झेंडू आणि केशरी-पिवळी जमीन असते. कागद आधीच पिवळसर, त्यावर पिवळी जमीन उठत नाही, आणि पिवळी अक्षरं तर दिसतच नाहीत. अशा पानावर जाहिरातीचा अर्धा भाग कोरा सोडा, वर एक लहान लाल टिंब किंवा एकच झेंडूचं फूल ठेवा आणि खाली काळा मजकूर द्या. नजर तिथेच जाईल. दुकानदार कोऱ्या जागेचे पैसे का द्यायचे असं विचारतील. त्यांच्यासमोर मागच्या वर्षीच्या त्याच दिवसाचा अंक उघडा आणि त्यांची स्वतःची जाहिरात शोधायला सांगा.

प्रश्न: आमच्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापला, पण मोबाइलवर उघडला नाही. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, नियमाप्रमाणे तो कुठे आणि केवढा हवा? आणि ‘अटी लागू’ किती लहान चालतं?
(एक बांधकाम व्यावसायिक, नाशिक)

उत्तर: आधी नियम. २०१६च्या रेरा कायद्यानुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता लागतोच. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला. पुढे या तिन्ही गोष्टी जाहिरातीच्या वरच्या उजव्या चतुर्थांशात, ठळक आणि संपर्काच्या तपशिलाहून लहान नसलेल्या अक्षरांत असाव्यात असं बजावलं. म्हणून मांडणीची सुरुवातच या कोपऱ्यापासून करा. सगळं झाल्यावर उरलेल्या जागेत कोड चिकटवला की तो नियमातही बसत नाही आणि दिसतही नाही.

कोड उघडला नाही कारण बहुधा त्यातले चौकोन फार बारीक होते. लांबलचक दुवा भरला की कोडमधल्या चौकोनांची संख्या वाढते. लहान दुव्याच्या कोडमध्ये एका बाजूला २९ चौकोन पुरतात. भोवती चार-चार चौकोनांची मोकळी जागा धरली की ३७ होतात, आणि अडीच सेंटीमीटरच्या कोडमध्ये एक चौकोन सुमारे ०.६८ मिलिमीटरचा पडतो. लांब दुव्यात ५७ चौकोन झाले तर तोच ०.३८ मिलिमीटरवर येतो. शाई पसरून तिथे पांढरी घरं भरून जातात. कोड अडीच सेंटीमीटरहून लहान करू नका, एकट्या काळ्या प्लेटवर छापा, खाली रंगीत जमीन नको, मध्ये बोधचिन्ह नको, आणि भोवतालच्या मोकळ्या जागेत काहीही घालू नका. महारेराकडून मिळालेला कोड आहे तसाच वापरा, दाबू-ताणू नका.

‘अटी लागू’विषयी: ९ जून २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत आणि दाव्याच्याच फाँटमध्ये हवा. मराठी मथळ्याखाली बारीक इंग्रजी खुलासा चालत नाही. दावा ज्या अटीने बदलतो ती अट दाव्याशेजारीच लिहा. छपाईच्या दृष्टीने सात पॉइंटच्या खाली मराठी अक्षर टिकत नाही, आठ ठेवा.

प्रश्न: वर्तमानपत्रं पूर्वी स्वतःची जाहिरात पोस्टरवर करत, ती कशी असत?
(एक विद्यार्थी, मुंबई)

उत्तर: दोन वेगळ्या परंपरा आहेत. एक चित्रकारांची. तुलूझ-लोत्रेकने १८९३मध्ये पॅरिसच्या ‘ल मातँ’साठी पोस्टर केलं. त्या दैनिकात क्रमशः येणाऱ्या, तुरुंगात नेमलेल्या पाद्र्याच्या आठवणींची ती जाहिरात होती आणि चित्रात गिलोटीनसमोर आणलेला कैदी होता. म्हणजे दैनिकाची थोरवी न सांगता आतला एकच मजकूर दाखवला. लंडनच्या ‘डेली हेरल्ड’साठी मॅकनाइट कॉफरचं १९१९चं पोस्टर पिवळ्या जमिनीवर कोनाकोनांच्या पक्ष्यांचा थवा वर झेपावताना दाखवतं. शब्द सगळे तळाशी आणि मधे मोठी रिकामी जागा.

दुसरी परंपरा लंडनच्या फेरीवाल्यांच्या ठेल्याशेजारच्या बिलाची: २० बाय ३० इंचांचा डबल क्राउन कागद, तारेच्या जाळीच्या चौकटीत अडकवलेला. वर दैनिकाचं नाव, खाली जाड काळ्या अक्षरांत तीन-चार ओळी, ओळीत एक-दोन शब्द, चित्र नाही. त्यात बातमीचा विषय असतो, उत्तर नसतं. ते आत, अंक घेतल्यावर. याचा सराव करायचा असेल तर आजच्या अंकातली एक बातमी घ्या, तिच्यासाठी पाच शब्दांचं मराठी बिल लिहा आणि दहा फुटांवरून वाचून पाहा. जोडाक्षरांनी भरलेला शब्द तिथे लगेच पकडला जातो.

जाता जाता एक गोष्ट, कारण चार पत्रांत ती विचारली आहे. श्रद्धांजलीच्या जाहिरातीतला फोटो काळा का येतो? व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पाच सेंटीमीटर रुंदीला पुरतो, त्याला जेमतेम ३९४ पिक्सेल लागतात. पण समूहातून कापलेला चेहरा १२० पिक्सेलचाच असेल तर तो दीड सेंटीमीटरच्या पुढे ओढू नका. चेहऱ्याच्या मधल्या छटा स्क्रीनवर फिक्या वाटतील इतक्या उजळ करा, कागदावर त्या खाली उतरतात. काळी चौकट ठेवा, काळी जमीन नको. प्रूफ आल्यावर नाव, वय आणि नाती घरातल्या दोघांकडून वाचून घ्या, दशक्रियेच्या तारखेसमोरचा वार कॅलेंडरवर पडताळा आणि छापलेल्या नंबरवर एकदा फोन लावून पाहा.